अमेरिकेतील ट्रकचालकांची युनियन कशी आक्रसत गेली

३० जुलै २०२३ रोजी अमेरिकेतील 'यलो' ही मालवाहतूक कंपनी बंद पडली. १९२४ साली ओक्लाहोमा सिटीत सुरू झालेल्या या कंपनीला शंभरी गाठायला एकच वर्ष उरले होते. सुमारे ३० हजार माणसांची नोकरी गेली आणि त्यांपैकी सुमारे २२ हजार जण 'इंटरनॅशनल ब्रदरहूड ऑफ टीमस्टर्स' या युनियनचे सभासद होते. युनियनच्या हट्टापायी कंपनी बुडाली असे व्यवस्थापनाने सांगितले, तर व्यवस्थापनाच्या वर्षानुवर्षांच्या गैरकारभाराचे हे फळ आहे असे युनियनने सांगितले. या आरोप-प्रत्यारोपांत मूळ प्रश्न मागे राहिला. एक कंपनी मिटली की देशातील ट्रक युनियनचा एवढा मोठा हिस्सा तिच्यासोबत मिटावा, इतकी ही युनियन कशी आक्रसली होती? यलोच्या हिशेबाच्या वह्यांत त्याचे अर्धेच उत्तर सापडते. उरलेले उत्तर हवे असेल, तर माल कुठे एकत्र येतो, वाहतुकीचा परवाना कोणाला मिळतो आणि कायद्याच्या दृष्टीने चालकाचा मालक कोण ठरतो, हे पाहावे लागते.

टीमस्टर्सची स्थापना १९०३ साली नायगारा फॉल्स येथे झाली, तेव्हा तिचे सभासद घोडागाड्या हाकणारे होते. पुढील तीस वर्षे ती मुख्यतः शहरांतर्गत दूध, बर्फ, कोळसा आणि किरकोळ माल पोचवणाऱ्यांची संघटना राहिली. चित्र बदलले ते १९३४ च्या मिनिआपोलिस येथील संपामुळे. युनियनच्या ५७४ क्रमांकाच्या स्थानिक शाखेने शहरातील मालवाहतूक बंद पाडली, २० जुलै रोजी पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, दोघांचा मृत्यू झाला, आणि अखेर मालकांना युनियनला मान्यता द्यावी लागली. या संपातून पुढे आलेल्या फॅरेल डॉब्स नावाच्या तरुण संघटकाने एक गोष्ट अचूक हेरली होती. लांब पल्ल्याचा चालक रस्त्यावर एकटा असतो, त्याला गाठणे आणि संघटित करणे जवळजवळ अशक्य असते. पण त्याचा माल कुठेतरी उतरवावा लागतो, फोडावा लागतो आणि पुन्हा दुसऱ्या गाडीत चढवावा लागतो. ही जागा म्हणजे टर्मिनल, आणि टर्मिनलवर शेकडो माणसे रोज एकत्र येतात.

इथे मालवाहतुकीतील एक भेद लक्षात घ्यावा लागतो, कारण पुढची सगळी कथा त्याभोवती फिरते. आपल्याकडील ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बोलण्यात पार्ट लोड आणि फुल लोड हे शब्द रोज येतात. अमेरिकेतही धंद्याचे हेच दोन भाग आहेत. पार्ट लोडमध्ये एका ट्रकमध्ये अनेक व्यापाऱ्यांचा थोडा थोडा माल असतो, त्यामुळे गावोगावी टर्मिनले लागतात, हमाल लागतात, शहरात फिरणारे चालक आणि दोन शहरांमध्ये धावणारे चालक वेगवेगळे लागतात. फुल लोडमध्ये एका कारखान्याच्या दारात भरलेला ट्रक थेट एका गोदामाच्या दारात रिकामा होतो. मध्ये काहीच लागत नाही. डॉब्सची युक्ती पहिल्या प्रकारच्या कामावर बेतलेली होती. शिकागोच्या टर्मिनलांवर युनियन पक्की झाली, की तिथे येणाऱ्या प्रत्येक कंपनीला सांगता येत असे की तुमचे चालक युनियनचे नसतील तर तुमच्या मालाला इथे कोणी हात लावणार नाही. या दबावाच्या जोरावर १९३८ साली मध्य-पश्चिमेतील अकरा राज्यांतील चालकांसाठी एकच करार झाला. डेट्रॉइटचा जिमी हॉफा हे तंत्र डॉब्सच्या हाताखाली शिकला, १९५७ मध्ये तो युनियनचा अध्यक्ष झाला आणि जानेवारी १९६४ मध्ये त्याने देशभरातील चार लाखांहून अधिक मालवाहतूक कामगारांना एका राष्ट्रीय करारात आणले. शिक्षण नसलेल्या माणसालाही त्या पगारावर घर घेता येई, मुलांना महाविद्यालयात पाठवता येई आणि म्हातारपणी निवृत्तिवेतनाची खात्री असे. हॉफाच्या गुन्हेगारी संबंधांविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि ते लिहिले जायलाच हवे. पण चार लाख कुटुंबांच्या जगण्यातील हा फरक त्या कथांखाली झाकला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

हा करार टिकला तो केवळ युनियनच्या ताकदीवर नव्हे. १९३५ साली अमेरिकी संसदेने मोटार वाहतूक कायदा केला आणि रेल्वेवर देखरेख करणाऱ्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे ट्रकांचाही कारभार सोपवला. नव्या कंपनीला धंद्यात उतरायचे असेल, तर लोकांना तिच्या सेवेची गरज आहे हे तिने सिद्ध करायचे आणि जुन्या कंपन्यांना त्यावर हरकत घेण्याचा हक्क, अशी व्यवस्था होती. परवाना मिळाला तरी तो ठरावीक मार्गापुरता आणि ठरावीक मालापुरता असे. भाडेदर कंपन्यांच्या मंडळांनी एकत्र बसून ठरवायचे आणि आयोगाने त्यांना संमती द्यायची; १९४८ च्या कायद्याने तर या मंडळांना मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली. अशा स्थितीत युनियनने वेतनवाढ मागितली, तर कंपनीला ती फारशी जड जात नसे. वाढ सगळ्यांनाच लागू होई, सगळे मिळून भाडे वाढवत आणि कमी दरात माल नेणारा नवा स्पर्धक दारात उभा नसे.

या व्यवस्थेत दोष होते आणि ते मोठे होते. परतीच्या वाटेवर माल भरण्याचा परवाना नसल्यामुळे ट्रक रिकामे धावत. काही कंपन्यांना सरळ रस्ता सोडून परवान्यात लिहिलेल्या शहराला वळसा घालून जावे लागे. कच्चा शेतमाल नियंत्रणाबाहेर, पण तोच माल डब्यात बंद केला की नियंत्रणाखाली, असले भेद होते. मार्गाचे परवाने लाखो डॉलरांना विकले जात. जादा भाड्याचा भार अखेर दुकानातील ग्राहकावर पडे. त्यामुळे १९७० च्या दशकात महागाई भडकली, तेव्हा सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्यासारखा उदारमतवादी, ग्राहक हक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर आणि मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अर्थशास्त्रज्ञ हे सगळे ही नियंत्रणे काढून टाकण्याच्या बाजूने एकत्र आले. विरोधात उरल्या प्रस्थापित ट्रक कंपन्या आणि टीमस्टर्स. हे दोघे एकमेकांच्या बाजूने उभे राहिलेले पाहून बाहेरच्या माणसाने काय अनुमान काढले असेल, हे सांगायला नको.

युनियनच्या नेतृत्वाने या लढाईत स्वतःच स्वतःचे नुकसान केले. रॉय विल्यम्स हा टीमस्टर्सचा नेता, जो १९८१ मध्ये अध्यक्ष झाला, नेवाडाचे सिनेटर हॉवर्ड कॅनन यांना लाच देण्याच्या कटात डिसेंबर १९८२ मध्ये दोषी ठरला. हा कट याच नियंत्रणमुक्तीच्या विधेयकाशी संबंधित होता. कॅनन यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही आणि विधेयक तर केव्हाच मंजूर झाले होते. ज्या मुद्द्यावर युनियनला लोकांसमोर जाऊन सांगता आले असते की स्वस्त भाड्याची किंमत चालकाच्या तासांतून वसूल होईल, त्या मुद्द्यावर तिच्या शब्दाला वजन उरले नाही. सामान्य सभासदांचा यात काय दोष होता? पण भुर्दंड त्यांनाच बसला.

१ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली. आता परवाना मागणाऱ्याने आपली सेवा उपयुक्त आहे एवढे दाखवले की पुरे, आणि ती का नको हे सिद्ध करण्याची जबाबदारी हरकत घेणाऱ्यावर, असा उलटा फेर झाला. दर ठरवण्याची मोकळीक मिळाली. दहा वर्षांत परवानाधारक कंपन्यांची संख्या दुपटीहून अधिक वाढून ४० हजारांच्या पुढे गेली. भाडी उतरली, रिकाम्या फेऱ्या कमी झाल्या, कारखान्यांना साठा कमी ठेवून वेळेवर माल मागवणे शक्य झाले. हे सगळे फायदे खरे आहेत आणि ते नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

युनियनच्या दृष्टीने मात्र आधी फुल लोडचे काम हातचे गेले. या कामाला टर्मिनल लागत नाही, त्यामुळे नव्या माणसाला ट्रक आणि फोन एवढ्या भांडवलावर धंद्यात उतरता येते. पूर्वी अनेक मोठ्या कंपन्या पार्ट लोड आणि फुल लोड दोन्ही नेत आणि त्यांचे चालक एकाच कराराखाली असत. नव्या फुल लोड कंपन्या युनियन कमकुवत असलेल्या भागांतून वाढल्या, त्यांनी दर पाडले आणि जुन्या कंपन्या त्या बाजारातून काही वर्षांतच हटल्या. डॉब्सने शोधलेला कोंडीचा बिंदूच तिथे उरला नव्हता. आज नेब्रास्का किंवा आर्कान्सासमधील एखाद्या फुल लोड कंपनीत हजारो चालक असले, तरी ते अठ्ठेचाळीस राज्यांत विखुरलेले असतात, आठवडेच्या आठवडे केबिनमध्येच झोपतात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत. युनियनसाठी मतदान मागायचे, तर अमेरिकी कायद्यानुसार आधी किमान ३० टक्के कामगारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. मोठ्या फुल लोड कंपन्यांत नोकरी सोडून जाण्याचे वार्षिक प्रमाण कित्येकदा ९० टक्क्यांच्या आसपास राहिले आहे, म्हणजे सह्या गोळा होईपर्यंत सही करणारेच निघून गेलेले असतात.

हॉफाच्या काळी वापरलेला दबावही आता वापरता येत नाही. युनियन नसलेल्या कंपनीच्या मालाला हात न लावण्याची कलमे युनियन आपल्या करारांत घालत असे. १९५९ च्या कायद्याने ती बेकायदा ठरवली. त्याआधी १९४७ च्या कायद्याने राज्यांना अशी मुभा दिली होती की युनियनची वर्गणी देणे ही नोकरीची अट ठेवण्यास त्यांनी बंदी घालावी, आणि दक्षिणेतील बहुतेक राज्यांनी ती मुभा लगेच वापरली. नियंत्रणाची भिंत उभी असेपर्यंत या दोन्ही कायद्यांचा परिणाम फारसा जाणवला नव्हता. १९८० मध्ये भिंत पडल्यावर तो एकदम जाणवू लागला.

पार्ट लोडमध्ये युनियन अधिक काळ टिकली, कारण टर्मिनले तिथे लागतातच. पण तिथेही कंपन्यांनी वाट काढली. कन्सॉलिडेटेड फ्रेटवेज ही देशातील अग्रगण्य कंपन्यांपैकी एक होती आणि तिचे कामगार टीमस्टर्सचे होते. तिच्या मालक समूहाने १९८३ मध्ये 'कॉन-वे' या नावाने वेगळ्या प्रादेशिक कंपन्या सुरू केल्या, ज्यांत युनियन नव्हती. गुंतवणूक आणि वाढ नव्या कंपन्यांत होऊ लागली. १९९६ मध्ये जुन्या, युनियन असलेल्या कंपनीला समूहातून वेगळे काढून तिच्या नशिबावर सोडले, आणि सप्टेंबर २००२ मध्ये, अमेरिकेतील कामगार दिनाच्या सुट्टीच्या दिवशी, तिने दिवाळखोरी जाहीर करण्याचा निर्णय कळवून सुमारे साडेपंधरा हजार लोकांना घरी पाठवले. कॉन-वे मात्र चालत राहिली आणि २०१५ मध्ये एक्सपीओ या कंपनीने ती विकत घेतली. एकाच समूहाने एका हाताने युनियनशी करार पाळायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच कामासाठी युनियनविरहित कंपनी उभारायची, ही पद्धत कायद्याच्या चौकटीत बसवता येत होती. ती चौकट न्याय्य होती असे मात्र मी म्हणणार नाही.

आकड्यांत सांगायचे, तर १९७० च्या दशकात भाड्याने मालवाहतूक करणाऱ्या कंपन्यांच्या चालकांपैकी निम्म्याहून अधिक जण युनियनचे होते. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे प्रमाण साधारण चौथ्या हिश्श्यावर आले आणि पुढेही ते उतरतच राहिले.

या घसरणीचा जो भाग बातम्यांत सर्वांत कमी येतो, तो म्हणजे निवृत्तिवेतन. ट्रकचालक कंपन्या बदलत राहतात, म्हणून टीमस्टर्सने अनेक मालकांचा मिळून एक निधी उभारला. महाराष्ट्रातील माथाडी मंडळांची कल्पना असलेल्या वाचकाला हे पटकन कळेल: १९६९ च्या माथाडी कायद्यानेही हमाल आज या व्यापाऱ्याकडे आणि उद्या त्या व्यापाऱ्याकडे राबतो हे ओळखून मालकांची वर्गणी मंडळाकडे भरायला लावली आणि भविष्य निर्वाह निधीसारखे लाभ मंडळामार्फत दिले. अमेरिकेतील निधी कायद्याने स्थापन झालेले नव्हते. ते मालक आणि युनियन यांच्या संयुक्त विश्वस्तांकडे असत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे १९५५ मध्ये सुरू झालेला सेंट्रल स्टेट्स पेन्शन फंड. १९६० आणि ७० च्या दशकांत याच निधीतून लास व्हेगासच्या जुगारगृहांना कर्जे दिली गेली आणि माफियाशी त्याचे नाव जोडले गेले. १९८२ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली गुंतवणुकीचा कारभार युनियनच्या नेत्यांकडून काढून व्यावसायिक संस्थांकडे देण्यात आला. नंतरची चाळीस वर्षे निधी खालावत गेला, पण त्याचे मुख्य कारण ती जुनी चोरी नव्हती. कारण निधीच्या रचनेत होते.

समजा, वीस बिऱ्हाडांच्या सोसायटीने मिळून मोठे कर्ज काढले आणि एकेक बिऱ्हाड दिवाळे काढून निघून गेले. कर्ज तेवढेच राहते, फेडणारे कमी होतात. शेवटी उरलेल्या दोन-तीन घरांना वीस घरांचा हप्ता भरावा लागतो. सेंट्रल स्टेट्समध्ये हेच झाले. एखादी कंपनी बुडाली, तरी तिच्या चालकांना दिलेले निवृत्तिवेतनाचे वचन निधीवर कायम राही आणि त्याचा भार उरलेल्या कंपन्यांच्या वर्गणीवर पडे. सप्टेंबर १९८० मध्ये, म्हणजे नियंत्रणमुक्तीनंतर तीनच महिन्यांनी, आणखी एक कायदा झाला. निधीतून बाहेर पडणाऱ्या कंपनीने आपल्या वाट्याची तूट भरूनच बाहेर पडावे, असा त्याचा आशय होता. हेतू कामगारांच्या रक्षणाचा होता आणि तो योग्यच होता. पण दिवाळखोर कंपनीकडून वसूल काय होणार? आणि नव्या कंपनीने अशा निधीत पाऊल तरी का टाकावे, जिथे दुसऱ्यांची देणी तिच्या माथी येतील? एकाच वर्षी झालेल्या या दोन कायद्यांपैकी एकाने जुन्या कंपन्या बुडण्याची परिस्थिती आणली, तर दुसऱ्याने त्यांची देणी उरलेल्यांशी बांधली. युनियन असणे आणि दुसऱ्यांच्या निवृत्तांचा भार वाहणे या दोन गोष्टी त्यामुळे एकच होऊन बसल्या.

१९८० च्या सुमारास सेंट्रल स्टेट्समध्ये एका निवृत्तामागे चार काम करणारे होते; पुढे हे गणित उलटून एका काम करणाऱ्यामागे सुमारे पाच निवृत्त किंवा काम सोडलेले लोक झाले. २००७ मध्ये यूपीएस या पार्सल कंपनीने ६१० कोटी डॉलर एकरकमी भरून निधीतून अंग काढून घेतले. २०१५ मध्ये विश्वस्तांनी निवृत्तांच्या रकमेत मोठी कपात सुचवली, ज्याला सरकारने २०१६ मध्ये नकार दिला. अखेर २०२१ च्या मदत कायद्यातून मार्ग निघाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने या एका निधीसाठी सुमारे ३६ अब्ज डॉलर जाहीर केले. साडेतीन लाख कामगार आणि निवृत्त यांचे पैसे वाचले. ही रक्कम मोठी आहे म्हणून अनेकांनी टीका केली; पण ज्या माणसाने तीस वर्षे आपल्या पगाराचा एक भाग उद्यासाठी सोडला, त्याला सत्तराव्या वर्षी निम्म्याहून कमी पैसे हातावर ठेवून वाटेला लावणे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

यलोची कथा या पार्श्वभूमीवर वाचली की ती वेगळी दिसते. २००३ मध्ये यलोने आपला जुना प्रतिस्पर्धी रोडवे एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतला, २००५ मध्ये यूएसएफ ही कंपनी घेतली, आणि हे सगळे कर्जावर. पाठोपाठ २००८ ची मंदी आली. २००९ मध्ये कामगारांनी १५ टक्के वेतनकपात स्वीकारली. निवृत्तिनिधीची वर्गणी काही काळ थांबवायला आणि नंतर पूर्वीच्या चौथाईवर आणायलाही त्यांनी मान्यता दिली. २०२० मध्ये महासाथीच्या मदत योजनेतून सरकारने ७० कोटी डॉलरचे कर्ज दिले आणि बदल्यात कंपनीचे सुमारे ३० टक्के समभाग घेतले. घेतलेल्या कंपन्यांचे जाळे एकत्र गुंफण्याचे काम जे वीस वर्षांपूर्वी व्हायला हवे होते, ते व्यवस्थापनाने २०२२-२३ मध्ये हाती घेतले. त्यासाठी चालकांची कामे आणि ज्येष्ठतेचे नियम बदलणे आवश्यक होते आणि आणखी सवलती द्यायला युनियन तयार नव्हती. जुलै २०२३ मध्ये कंपनीने आरोग्य आणि निवृत्तिनिधीची सुमारे ५ कोटी डॉलरची वर्गणी थकवली, युनियनने संपाची नोटीस दिली, ती मागेही घेतली. पण तोपर्यंत ग्राहकांनी आपला माल दुसऱ्या कंपन्यांकडे वळवला होता. पार्ट लोडच्या धंद्यात माल वाटेत अडकण्याची नुसती शंका पुरते. ६ ऑगस्टला दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला. डिसेंबरमध्ये सुमारे १३० टर्मिनले १८८ कोटी डॉलरना विकली गेली. मोठ्या खरेदीदारांत एस्टेस, साइया आणि एक्सपीओ होते, ज्यांच्या पार्ट लोड कामात युनियन जवळजवळ नाही. कॉन-वे विकत घेणारी एक्सपीओ हीच.

चौदा वर्षे ज्यांनी कपात सोसली त्यांनी एकदा नाही म्हटले, म्हणून कंपनी बुडवल्याचे खापर त्यांच्यावर फोडणे मला पटत नाही. मात्र युनियनच्या नेत्यांनाही प्रश्न विचारायला हवा: एका आजारी कंपनीत आपले एवढे सभासद अडकलेले असताना तिच्या बाहेर नवे सभासद जोडण्याचे काम इतकी वर्षे मागे का राहिले? राष्ट्रीय मालवाहतूक कराराच्या परंपरेतील मोठी कंपनी म्हणून आता मुख्यतः आर्कान्सासची एबीएफ उरली आहे आणि तिच्यातील टीमस्टर्सची संख्या दहा हजारांच्या आत आहे.

पूर्ण चित्र मात्र एवढेच नाही. यूपीएसमध्ये २०२३ साली टीमस्टर्सचे सुमारे ३ लाख ४० हजार सभासद होते. १९९७ मध्ये तिथे १ लाख ८५ हजार कामगारांनी पंधरा दिवसांचा संप केला होता. २०२३ मध्ये संपाच्या तयारीवरच नवा करार झाला, जो ८६ टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाला आणि ज्यात पूर्णवेळ चालकाचा कमाल दर करार संपेपर्यंत सरासरी तासाला ४९ डॉलरवर जाईल असे ठरले. पार्सलचे काम हे पार्ट लोडचेच अधिक बारीक रूप आहे. पार्सले छाटण्याची प्रचंड केंद्रे त्याला लागतात आणि हजारो माणसे तिथे रोज एका छपराखाली येतात. जिथे माल एकत्र येतो तिथे युनियन उभी राहू शकते, हे डॉब्सचे म्हणणे तिथे आजही खरे ठरते.

दुसऱ्या टोकाला आहे तो लांब पल्ल्याचा फुल लोड चालक. त्याला पैसे मैलांवर मिळतात. गोदामाच्या दारात माल भरण्यासाठी चार तास थांबला, तर त्या वेळेचे बहुधा काहीच मिळत नाही किंवा नाममात्र मिळते. १९३८ च्या कायद्याने अमेरिकी कामगाराला आठवड्याला ४० तासांनंतर दीडपट मजुरीचा हक्क दिला. पण आंतरराज्य ट्रकचालकांना त्यातून वगळले. युनियनच्या करारांत थांबण्याचे पैसे आणि जादा तासांचा मोबदला असे, त्यामुळे कायद्यातील ही उणीव भरून निघत होती. करार गेले आणि उणीव उघडी पडली. वेन स्टेट विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ मायकेल बेल्झर, जे पूर्वी स्वतः टीमस्टर चालक होते, यांनी मांडलेल्या हिशेबानुसार १९७७ ते १९९५ या काळात चालकांचे वास्तविक उत्पन्न सुमारे ३० टक्क्यांनी घटले. ज्याच्या वेळेचे पैसे द्यावे लागत नाहीत त्याला कोणी घाई करत नाही, म्हणूनच गोदामांच्या रांगा लांबत गेल्या. मालक संघटना अनेक वर्षे चालकांचा तुटवडा असल्याचे सांगत आल्या आहेत. परंतु परवाना घेणारे लोक कमी नाहीत, त्या अटींवर टिकणारे कमी आहेत. २०१९ मध्ये अमेरिकी कामगार विभागाच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानेही या बाजारात कायमचा तुटवडा असल्याचा दावा मान्य केला नाही.

एक आक्षेप इथे विचारात घ्यायला हवा. ओल्ड डोमिनियनसारख्या युनियन नसलेल्या पार्ट लोड कंपन्या चालकांना चांगला पगार देतात, मग युनियन हवी कशाला, असे विचारले जाते. हे पगार चांगले आहेत हे खरे. पण शेजारच्या टर्मिनलवरचा युनियनचा दर ठाऊक असलेला कामगार उद्या युनियनच्या कार्डावर सही करू शकतो, ही शक्यता त्या पगारामागे कित्येक वर्षे उभी होती. तो शेजारी आता बहुतेक ठिकाणी राहिलेला नाही.

उरतो तो प्रश्न मालक कोण, हा. अनेक कंपन्या चालकाला नोकरीवर ठेवण्याऐवजी स्वतंत्र कंत्राटदार ठरवतात. ट्रक बहुधा कंपनीनेच हप्त्यावर दिलेला असतो, माल तिचाच, दर तिचाच. पण डिझेल, विमा, दुरुस्ती आणि तोटा चालकाचा. अमेरिकी कायद्यात स्वतंत्र कंत्राटदाराला युनियन करण्याचा हक्क नाही, आणि अशा चालकांनी एकत्र येऊन भाडे ठरवले तर मक्तेदारीविरोधी कायद्याचा बडगा त्यांच्यावर येऊ शकतो. ज्या कायद्यातून १९४८ मध्ये कंपन्यांना सूट मिळाली होती, तो हाच कायदा. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांतून कंटेनर ओढणाऱ्या हजारो चालकांची हीच स्थिती आहे. कॅलिफोर्नियाने २०१९ च्या कायद्याने कंत्राटदाराची व्याख्या कडक केली. ट्रक मालकांनी ती न्यायालयात अडवून धरली आणि जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिल्यावरच ती ट्रकांना लागू होऊ शकली.

ॲमेझॉनने हीच रचना घरपोच सेवेत आणली आहे. गणवेश ॲमेझॉनचा, गाडीवर नाव ॲमेझॉनचे, मार्ग तिच्या यंत्रणेतून येतो. पण चालक नोकरीला असतो एखाद्या छोट्या कंत्राटदार कंपनीत. एप्रिल २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील पामडेल येथील अशा एका कंत्राटदाराच्या ८४ कामगारांनी टीमस्टर्समध्ये प्रवेश केला आणि त्यांच्या मालकाने युनियनशी करारही केला. ॲमेझॉनने त्या कंत्राटदाराचे काम बंद केले आणि हे कामगार आपले नाहीत अशी भूमिका घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या लॉस एंजेलिस विभागाने प्राथमिक निष्कर्ष काढला की ॲमेझॉनही या चालकांची संयुक्त मालक ठरते. कंपनीला तो मान्य नाही. हा निष्कर्ष वरच्या पातळीवर टिकला, तर युनियनला प्रत्येक छोट्या कंत्राटदाराशी वेगळे झगडण्याऐवजी थेट ॲमेझॉनला वाटाघाटीस बोलावता येईल; टिकला नाही, तर पुढच्या प्रत्येक पामडेलमध्ये कंत्राट बंद करणे हा मोठ्या कंपनीसाठी सर्वांत सोपा मार्ग राहील.